वजनकाटा

तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला होता:
बावीस प्रकरणं, तीन रंगांची पेनं
आणि मधोमध मोरेश्वर ठोंबरे,
तुर्भ्याच्या बाजाराबाहेरच्या वजनकाट्यावरचा कारकून.
पाचव्यात त्यानं पहिली खोटी पावती फाडायची,
सोळाव्यात सापडायचं,
एकोणिसाव्यात वाशीच्या पुलावरून उडी.
कादंबरीचं नाव 'काटा'.
कोपरखैरण्याच्या या खोलीत बसून
मला सगळं ठाऊक होतं.

तिसऱ्यात तो डावखुरा निघाला.
सहज एक ओळ लिहिली होती
की शाई लागलेली त्याच्या तळहाताच्या कडेला.
मग मागे जाऊन
दोन प्रकरणांतल्या सगळ्या सह्या,
चहाचा कप, छत्री, बायकोच्या पाठीवरचा हात
एकेक करून या बाजूचं त्या बाजूला.

पाचवं प्रकरण सहा वेळा लिहिलं.
सहाही वेळा त्यानं पावती खरीच फाडली.
मी त्याचं कर्ज वाढवलं, मुलीची फी थकवली,
मालकाला तोंडाळ केलं.
तो चष्मा पुसायचा, आकडा पुन्हा वाचायचा
आणि असेल तोच लिहायचा.
चोर लिहायला बसले
आणि हाती लागला हा,
फूटपट्टीनं मारलेल्या रेघेसारखा.
नणंद फोनवर विचारायची, कुठवर आलं?
पाचव्यात, मी म्हणायचे.
दिवाळी झाली, संक्रांत झाली.

कुमुद, त्याची बायको, त्रेचाळीस पानं.
काढून टाकली.
ती माझ्यासारखी बोलायला लागली होती,
माझेच टोमणे, माझ्याच नवऱ्याला.
पण मोरेश्वर अजून रोज सकाळी
दोन कप विसळतो.
दुसरा कुणाचा, असं कुणीतरी विचारेल.
मी तो खोडला नाही.

एकोणिसाव्यासाठी पुलावर जाऊन आले.
कठड्याला जाळी, डोक्याच्याही वर.
खाली ओहोटी,
चिखलात कुणाचीतरी होडी कलंडलेली.
तो माझ्या शेजारी उभा राहिला बराच वेळ,
चपला काढल्या,
पुन्हा घातल्या.
परतताना मीच रिक्षाचे पैसे दिले.

आणि मग चौदाव्यात
रांग अडवायला एक बाई हवी होती,
एका वाक्यापुरती.
घणसोलीहून निवट्यांची पाटी घेऊन आलेली,
दमली म्हणून सावली बघून
थेट काट्यावरच बसलेली.
काम बारकं म्हणून नाव ठेवलं बारकीबाय.
वाक्य संपलं. ती उठली नाही.

गाड्या तोलायचा काटा तो,
दहा किलोंखालचं त्याला कळत नाही.
खिडकीतल्या लाल आकड्यानं सांगितलं, पन्नास.
मोरेश्वरनं पेन उचललं, खाली ठेवलं.
पन्नास लिहावं तर ती त्याहून जास्त असणार,
किंवा कमी,
आणि न लिहावं
तर बाई आलीच नव्हती.
त्यानं चष्मा पुसला.
तिच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं,
डाव्या हातानं अंदाजे लिहिलं: त्रेपन्न.

माझी खोटी पावती!
नऊ प्रकरणं उशिरा,
कुणाच्या खिशात दमडी न पडता.
माझ्याच अंगावर काटा आला
आणि त्या दिवशी मी पुढे काही लिहिलं नाही.

तक्ता आता उतरवलाय.
दारावर चिकटपट्टीचे चार डाग,
बाईनं घासले तरी जात नाहीत.
नावही बदलणार आहे, काय ते माहीत नाही.
पुढची पानं बारकीबायनं घेतलीत,
तिच्या भाषेत, तिच्या चालीनं,
खाडीच्या कडेची कुठली तरी जमीन आहे त्यात,
एक भाऊ आहे, ज्याचं मला काहीच माहीत नव्हतं.

मागे ट्रक तटलेत,
कांदा उन्हात तापतोय, ड्रायव्हर हॉर्न देतायत.
मी म्हणते, ऊठ ना गं आता, शेवट करायचाय.
ती पाटीवरचं फडकं ओलं करते,
निवट्यांवर पुन्हा पसरते
आणि वर न बघताच विचारते,
मना कनाला उठवतंस?
तुजा लिवून झाला का?